मांडव खेळाडूंच्या डोक्यावर घाला

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईत सायकल शर्यती भरवणारे सर्व क्लब आणि मंडळं, तसंच त्यांना रस्ता बंद करून देणारे अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहतो, रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि गेली नऊ वर्षं हौसेने ट्रॅक सायकल चालवतो. आपल्याकडे व्हेलोड्रोम, म्हणजे ट्रॅक सायकलींसाठी बांधलेला उतरत्या कडांचा गोल ट्रॅक, नाही. त्यामुळे महिन्यातून एकदोनदा आम्ही चौघं-पाचजण एका गाडीत सायकली कोंबून पहाटे साडेतीनला निघतो, घाट चढतो आणि १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत बांधलेल्या संकुलातल्या ट्रॅकवर सराव करून दुपारी परततो. म्हणूनच घराजवळ, नवी मुंबईतल्याच एका सेक्टरमधला गोल रस्ता बंद करून ट्रॅकच्या पद्धतीच्या शर्यती होणार असं कळलं तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. एप्रिलमधला रविवार होता. त्या दिवसाबद्दल हे पत्र आहे.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. त्यांनी मनापासून कष्ट केले होते. स्वयंसेवक मुलं रात्रभर बॅरिकेड लावत होती, प्रत्येक वळणावर गवताच्या पेंढ्या रचल्या होत्या, नाश्त्याला गरम उपमा होता. शिवाय त्या दिवशी जे झालं ते मी आणखी तीन ठिकाणी, वेगवेगळ्या आयोजकांकडे, थोड्याफार फरकाने पाहिलं आहे. तेव्हा हे पत्र सगळ्यांना.

आम्हाला सव्वापाचला हजर राहायला सांगितलं होतं. पहिली शर्यत साडेसहाला. एप्रिलच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सहा-वीसच्या सुमारास उगवतो, म्हणजे वेळ अगदी बरोबर ठरवली होती. सव्वासहाला मी रोलरवर (त्यावर सायकल जागच्या जागी चालवता येते) अंग गरम करून, स्किनसूट घालून, हेल्मेट लावून तयार होतो. साडेसहा झाले. सात झाले. प्रमुख पाहुणे निघाले आहेत, असं माइकवरून सांगत होते. साडेसातला पुन्हा तेच. पाहुणे आले आठ-चाळीसला. नारळ, हार, चार भाषणं, आणि झेंडा दाखवला तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. रस्ता बंद ठेवायची परवानगी बारापर्यंतच होती. म्हणजे पाच तासांच्या शर्यती तीन तासांत उरकायच्या, आणि त्याही दिवसातल्या सर्वांत वाईट तीन तासांत.

इथे ट्रॅक शर्यतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण परवानगी देणाऱ्या साहेबांना बहुधा वाटत असेल की सायकल शर्यत म्हणजे एकदा सुटले की एकदा पोचले. रस्त्यावरच्या शर्यतीत तसं असतं. ट्रॅकच्या दिवशी एकाच खेळाडूला तीन-चार शर्यती असतात. आधी स्क्रॅच, म्हणजे शेवटी जो पहिला तो जिंकला. मग पॉइंट्स, म्हणजे मधल्या ठरावीक फेऱ्यांना गुण. मग एलिमिनेशन, म्हणजे ठरावीक फेऱ्यांनी जो शेवटी राहील तो बाहेर. प्रत्येक दहा-वीस मिनिटांची, पण त्या वेळात जीव खाऊन पळायचं असतं. सायकल फिक्स्ड असते, म्हणजे मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. उतारावर, वळणावर, दमल्यावर, कुठेच पाय थांबवून सुटका नाही. हवा कापण्यासाठी हेल्मेटला भोकं जवळपास नसतात आणि स्किनसूट अंगाला कातडीसारखा चिकटलेला असतो. एक शर्यत संपली की चाळीस मिनिटं, कधी तासभर थांबायचं. मग दुसरी.

म्हणजे ट्रॅकचा दिवस हा खरं तर थांबण्याचा दिवस असतो. मी त्या दिवशी एकूण पन्नास-एक मिनिटं शर्यत केली आणि सहा तासांहून जास्त थांबलो. हे सहा तास कुठे आणि कसे जातात त्यावर सगळं ठरतं. मधल्या वेळात अंग निवलं तर पुढच्या शर्यतीला माणूस नव्याने उभा राहतो. निवलं नाही तर आधीच्या शर्यतीची गरमी अंगात घेऊनच पुढची सुरू होते, तिची गरमी तिसरीत जाते. भट्टीवर काम करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आमच्या कारखान्यात फर्नेसपाशी पाळी केलेल्या माणसाला आधी पंख्याखाली बसवतात, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी देतात आणि मगच परत पाठवतात. सुपरवायझर त्यासाठी घड्याळ लावतो.

त्या दिवशी मैदानात दोन मांडव होते. एक व्यासपीठावर आणि दुसरा पाहुण्यांच्या खुर्च्यांवर, पांढऱ्या कापडाचा, आत दोन मोठे कूलर लावलेला. आमच्यासाठी, म्हणजे एकशेदहा-वीस खेळाडूंसाठी, रस्त्याच्या कडेची मोकळी पेव्हर ब्लॉकची जागा होती. सावली म्हणावी तर एक गुलमोहर आणि विजेच्या डीपीची भिंत. लहान मुलं डीपीच्या भिंतीला लागून ओळीने बसली होती आणि ऊन सरकेल तशी ती ओळही सरकत होती. साडेदहानंतर भिंतीची सावली वीतभर उरली. पेव्हर ब्लॉकवर हात टेकवत नव्हता. माझ्या बाटलीतलं पाणी चहासारखं झालं होतं. बायकोने पहाटे ओला करून पिशवीत घालून दिलेला पंचा मी डोक्यावर घेतला होता, तो पंधरा मिनिटांत कोरडा पडायचा. जारचं पाणी सव्वादहाला संपलं, ते पुन्हा आलं साडेअकराला.

एक गोष्ट कबूल करतो. गरम हवा पातळ असते. २० अंशांवरच्या हवेपेक्षा ३५ अंशांवरची हवा साधारण पाच टक्के विरळ होते आणि सायकलवाल्याचा सगळा झगडा हवेशीच असतो. म्हणून तर बंदिस्त व्हेलोड्रोममध्ये विक्रमाच्या वेळी मुद्दाम हवा गरम ठेवतात. त्या दिवसाची माझी सर्वांत वेगवान फेरी अकरा वाजता झाली. घड्याळ बघून मी खूश होतो. आम्ही खेळाडू तक्रार करत नाही, त्याचं हेही एक कारण आहे. वेग मिळत असतो, आणि अंगात काय शिजतंय ते कळत नसतं.

काय शिजत असतं? आपण पायडलवर जेवढी ताकद लावतो त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता शरीरात तयार होते, कारण स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २०-२५ टक्के असते. २५० वॅटने सायकल मारणाऱ्या माणसाच्या अंगात पाऊण ते एक किलोवॅटचा हीटर चालू असतो म्हणा ना. तो थंड करायला आपल्याकडे मुख्य साधन एकच, घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपटप रस्त्यावर गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत एप्रिलमध्ये ३८ अंशांतही मी बालेवाडीला सराव करतो आणि स्किनसूटवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, म्हणजे घाम वाळलेला असतो. आपल्याकडे ३४ अंशांत सायकलच्या वरच्या दांडीवरून घामाची धार लागते. आकडा पुण्याचा मोठा आणि धोका आपला मोठा, हे खाडीकाठच्या दमट हवेचं गणित आहे.

म्हणून 'उष्णतेच्या लाटेचा इशारा नव्हता' हे उत्तर मला पटत नाही. हवामान खातं किनारपट्टीवर लाट जाहीर करतं ती कमाल तापमान किमान ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तेव्हा. तो इशारा सगळ्या जनतेसाठी आहे. अंगात हीटर पेटवून पळणाऱ्या पोरांसाठी तो फार उशिरा येतो. त्या रविवारी आणखी एक गोष्ट झाली. आपल्याकडे सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात आणि अकरा-बाराच्या सुमारास खारे वारे सुरू होऊन जरा जीव थंड होतो. पूर्वेचा वारा जोर धरून असला की हे खारे वारे उशिरा येतात आणि पारा चढतच राहतो. त्या दिवशी एक वाजेपर्यंत समुद्राकडून झुळूक आली नाही. खाडीकाठी राहणाऱ्या कुणालाही हे सकाळी नऊलाच जाणवलं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

ज्युनिअर मुलींची शर्यत सगळ्यात शेवटी ठेवली होती. बक्षीस समारंभाला पालकांची गर्दी राहावी म्हणून, असं मला एका स्वयंसेवकाने सांगितलं. अकरा-पन्नासला त्यांना सोडलं. नऊशे मीटरच्या गोलाच्या दहा फेऱ्या. मी एलिमिनेशनमधून बाहेर पडून कडेला उभा होतो. सातव्या फेरीला कळव्याची एक सोळा वर्षांची मुलगी घोळक्यातून मागे पडली. ती सरळ रेषेत चालवत नव्हती. आठव्या फेरीला माझ्यासमोर ती कडेला आली, आणि पडली नाही एवढंच, मी हँडल धरलं. अंगावरून घाम निथळत होता आणि दंडावर शहारे आले होते. मला म्हणाली, "काका, थंडी वाजतेय." मग म्हणाली, "माझी शर्यत कधी आहे?"

कारखान्यात प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं आहे म्हणून मला त्या दोन वाक्यांचा अर्थ कळला. उष्माघात झाला की घाम थांबतो असं बहुतेकांना वाटतं. घरात, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचं बहुधा तसं होतं. पळणाऱ्या, खेळणाऱ्या माणसाला अंगावर घाम असतानाच उष्माघात होतो. खूण असते बोलण्या-वागण्यात. शर्यतीत असलेली मुलगी आपली शर्यत कधी आहे विचारते, म्हणजे अंगातला ताप ४० अंश सेल्सिअसपार गेला असं धरूनच चालायचं. आणि अशा वेळी पहिलं काम गार करणं, दवाखाना नंतर. अर्ध्या तासात ताप उतरला तर माणूस सहसा वाचतो आणि आतले अवयवही वाचतात. गाडीत घालून ट्रॅफिकमधून नेताना तो अर्धा तास निघून जातो.

रुग्णवाहिका होती. ती व्यासपीठामागे उभी होती आणि तिच्यापुढे पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. डॉक्टर तिथून पळत आले, पण त्यांच्या बॅगेत बर्फ कुठून असणार? बर्फ आला तो नाक्यावर मासळी विकायला बसलेल्या मावशीकडून. कुणी तरी ओरडत गेलं आणि ती स्वतःच थर्माकोलचं खोकं कमरेवर घेऊन आली. आम्ही कमानीवरचा स्वागताचा फ्लेक्स सोडवला, त्यावर मुलीला निजवलं, सहाजणांनी कडा उचलून धरल्या आणि त्या झोळीत बर्फ, जारचं पाणी, टँकरचं पाणी, मिळेल ते ओतलं. पोरं कडा हलवत होती, पाणी तिच्या अंगावरून इकडून तिकडे फिरत होतं. मावशी डोक्याशी बसून ओंजळीने पाणी घालत होती. "बघताय काय, वता, अजून वता!" पाण्याला पापलेटाचा वास होता. बारा-तेरा मिनिटांनी मुलगी रडायला लागली आणि आईला हाक मारली. तोवर रुग्णवाहिका बाहेर निघाली होती.

ती तीन दिवस दवाखान्यात होती. आता बरी आहे. मागच्या आठवड्यात तिच्या वडिलांशी बोललो. सायकल पोटमाळ्यावर टाकली आहे, असं ते म्हणाले. त्यांना समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते.

आपण सगळे याच भागातले आहोत. १६ एप्रिल २०२३ कुणी विसरलं नसेल. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी आलेली लाखो माणसं उघड्या मैदानात उन्हात बसली होती आणि १४ जण दगावले. त्यानंतर सरकारने, उन्हाळा ओसरेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असं जाहीर केलं. तेव्हापासून आपल्याकडे एक समज झाला आहे की बाराच्या आत उरकलं म्हणजे झालं. आमच्या शर्यतीही बाराच्या आतच सुटल्या होत्या. घड्याळ पाहून ऊन मोजता येत नाही.

मोजायचं साधन आहे. ओल्या कापडात गुंडाळलेला एक तापमापक, काळ्या गोळ्यातला एक आणि सावलीतला एक, अशा तिघांचा मिळून आकडा काढतात. पहिल्याचे सात भाग, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचा एक. वेट बल्ब ग्लोब म्हणतात त्याला. यात दमटपणा, ऊन, वारा सगळं येतं. समजा ओला तापमापक २७, काळा गोळा ४६ आणि सावली ३४ दाखवतेय, तर आकडा येतो साडेएकतीस. सायकलची जागतिक संघटना यूसीआय २०२४ पासून मोठ्या शर्यतींसाठी हाच आकडा वापरते आणि २८ च्या वर तो लाल रंगात धरते. मग डॉक्टर, आयोजक, खेळाडूंचे प्रतिनिधी बसून ठरवतात की वेळ बदलायची, अंतर कमी करायचं की शर्यतच रद्द करायची. हातात मावणारं यंत्र येतं. ट्रॉफ्या आणि टी-शर्टच्या खर्चात ते सहज बसेल, आणि पाच मंडळांनी मिळून एक घेतलं तरी चालेल.

उन्हाळ्यात शर्यती घेऊच नका असं मी म्हणत नाही. मुलांना सुट्टी एप्रिल-मेमध्येच असते, हे मलाही कळतं. २०२२ च्या जूनमध्ये दिल्लीत आशियाई ट्रॅक स्पर्धा झाली, आपल्या रोनाल्डो सिंगने स्प्रिंटमध्ये रौप्य जिंकलं, पण ती बंदिस्त व्हेलोड्रोममध्ये होती. आपल्याकडे छप्पर नाही, तर निदान वेळ तरी आपल्या हातात आहे. साडेसहाची शर्यत साडेसहालाच सोडा. पाहुणे आले नसतील तर झेंडा एखाद्या सफाई कामगाराच्या हातात द्या, पहाटे चारला तो गोल झाडून काढणारी माणसं तिथेच उभी असतात. पाहुण्यांना बक्षिसांच्या वेळी बोलवा. ज्युनिअर मुलं-मुली सर्वांत आधी. नऊला शेवटची शर्यत संपली पाहिजे, आणि उशीर झाला तर उरलेल्या शर्यती संध्याकाळी पाचनंतर किंवा दुसऱ्या रविवारी. पैसे परत मागणार नाही आम्ही. परवानगी देणाऱ्या साहेबांना विनंती की परवानगीच्या कागदावर शर्यत संपायच्या वेळेबरोबर सुरू व्हायची वेळही लिहा, आणि तासाभराहून जास्त उशीर झाला तर ती परवानगी आपोआप रद्द होईल असं त्यावरच नमूद करा. ही एक ओळ बाकी सगळ्यापेक्षा जास्त काम करेल असं मला वाटतं.

आणि मांडव. व्यासपीठाला नसला तरी चालेल, पण थांबायच्या जागेवर हवा. हिरवी शेडनेट बांधली तरी पुरे, फक्त तिच्याखालून वारा जायला हवा. तिथे माठ ठेवा, कोकम सरबत ठेवा, मीठ-साखरेचं पाणी ठेवा. रुग्णवाहिका गोलाच्या बाहेर तोंड करून, समोर काहीही न लावता उभी करा. तिच्याजवळ धुणं भिजवायचा मोठा टब, पाणी आणि बर्फाच्या दोन लाद्या. टब नसेल तर जाड ताडपत्री. शिवाय शर्यत थांबवायचा अधिकार त्या डॉक्टरांना द्या, आणि तो अधिकार त्यांना आहे हे सकाळीच माइकवरून सगळ्यांना सांगा. त्या दिवशी डॉक्टर मला नंतर म्हणाले की अकरालाच थांबवायला हवं होतं, पण सांगायचं कुणाला ते त्यांना कळलं नाही.

आम्हा खेळाडूंचीही चूक आहे. चक्कर आली तरी आम्ही सांगत नाही, पुढच्या रेषेवर जाऊन उभे राहतो. एलिमिनेशनच्या शेवटी माझ्या डोळ्यांपुढे कडेने अंधार येत होता आणि मी कुणाला बोललो नाही. माझ्यासारख्या चाळिशीतल्या माणसाला बघून सोळा वर्षांची पोरं शिकतात. आमच्या ऐरोलीच्या ग्रुपने ठरवलं आहे की आता दर शर्यतीआधी जोड्या लावायच्या, प्रत्येकाने आपल्या जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं, आणि जोडीदार म्हणाला की बाहेर, तर बाहेर.

आमच्याकडे दोनशे लिटरचा टब आहे, कारखान्यातून मिळालेली जाड ताडपत्री आहे आणि प्रथमोपचार शिकलेली तिघं आहोत. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुणीही शर्यत भरवणार असेल तर आम्ही पहाटे पाचला हजर राहू, स्वतःच्या शर्यती सोडून. बर्फ मासळीबाजारात चारपासून मिळतो. मावशीला विचारून ठेवलं आहे, ती आगाऊ सांगितलं तर बाजूला काढून ठेवते.

आपला,
ऐरोलीचा एक हौशी ट्रॅक सायकलपटू